दहा बोटांचे ठसे

दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल सरकारचे २२ ऑगस्ट १९०६ चे जादा गॅझेट गांधींनी कचेरीतून घरी नेले. झुलूंच्या बंडाच्या वेळचे शुश्रूषा पथकाचे काम आटोपून ते जोहान्सबर्गला परतले होते. घराजवळच्या टेकडीवर एका मित्रासोबत बसून ते त्यातल्या वटहुकमाच्या मसुद्याचा 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकासाठी गुजरातीत तर्जुमा करू लागले. एकेक कलम उतरवताना अंगावर काटा आला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

मसुद्याची भाषा मात्र सरकारी कागदाची असते तशीच थंड होती. ट्रान्सवालमध्ये राहण्याचा हक्क असलेल्या आठ वर्षांवरच्या प्रत्येक आशियाई माणसाने, मग तो पुरुष असो, स्त्री असो वा मूल, नोंदणी अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचे. जुने परवाने परत करायचे. नाव, गाव, जात, वय सांगायचे. अंगावरच्या खुणा अधिकारी पाहून टिपून घेणार आणि बोटांचे व अंगठ्यांचे ठसे घेणार. आठ वर्षांखालच्या मुलांची जबाबदारी आईबापांची. मुदतीत नोंदणी केली नाही तर राहण्याचा हक्कच संपला. शिवाय दंड, कैद किंवा हद्दपारी. मिळालेला दाखला कोणत्याही शिपायाने कुठेही, केव्हाही मागितला की दाखवायचा. तो तपासायला पोलिसांना घरात शिरता येईल. कुठल्याही सरकारी कचेरीत काम घेऊन गेलेल्या माणसाकडे दाखला मागता येईल. दुकानाचा परवाना हवा असेल तर दाखला, आणि सायकलचा परवाना हवा असेल तरीही दाखला.

सायकलचे हे कलम मला सगळ्यांत बोलके वाटते. देशात चोरून शिरणाऱ्यांना अडवण्यासाठी कायदा आहे, असे सरकार सांगत होते. पण ज्याच्या राहण्याच्या हक्काविषयी कुणाला शंका नाही, त्यालाही सायकल चालवण्यापूर्वी आपण कोण ते पुन्हा सिद्ध करावे लागणार होते.

ट्रान्सवालमध्ये त्या वेळी हिंदी लोकांची वस्ती जेमतेम दहा-तेरा हजारांची. गुजराती मेमण आणि सुरती व्यापारी, तमिळ फेरीवाले, काही पारशी, काही पठाण, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गेलेले कोकणी मुसलमान. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपले आणि प्रांत इंग्रजांकडे आला. इंग्रज आले म्हणजे बोअरांचे जाचक कायदे जातील, अशी हिंदी लोकांची भाबडी अपेक्षा होती. बोअरांनी कायदे कागदावर ठेवून अंमलात ढिलाई केली होती. इंग्रजांनी तेच कायदे कपाटातून काढून नेटाने चालवायला घेतले. आशियाई लोकांसाठी वेगळे खाते उघडले. या खात्याने परवान्यांचा असा बाजार मांडला की लाच दिल्याशिवाय हक्काच्या माणसालाही आत येता येईना. खात्यातल्या दोन अधिकाऱ्यांवर खटला झाला. ज्युरीने त्यांना सोडले, पण पुरावा इतका ढळढळीत होता की सरकारला त्यांना कामावरून काढावे लागले. खोट्या परवान्यांचा बोभाटा करणाऱ्या सरकारने ही गोष्ट फारशी आठवणीत ठेवली नाही.

१९०३ मध्ये ट्रान्सवालचे गव्हर्नर लॉर्ड मिल्नर यांनी हिंदी पुढाऱ्यांना एक शब्द दिला होता. एकदा नोंद करून घ्या, नवा दाखला घ्या. मग पुन्हा नोंदणी नाही, पुन्हा परवाना नाही. कायद्याची सक्ती नसतानाही लोकांनी ते मानले, अंगठाही दिला. तीन वर्षांत तो शब्द विरला आणि अंगठ्याच्या जागी दहा बोटे आली.

ही दहा बोटे आली कुठून, याचा माग थेट बंगालपर्यंत जातो. १८५८ मध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा ठेका राज्यधर कोनाई या कंत्राटदाराला दिला आणि करारावर त्याच्या उजव्या हाताच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हते. पुढे या माणसाने सही नाकारू नये म्हणून त्याला धाक बसावा, एवढाच आपला हेतू होता, हे हर्शेलने स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. नंतर हुगळीला तो दस्तऐवजांवर आणि पेन्शनच्या कागदांवर ठसे घेऊ लागला. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांनी या ठशांची वर्गवारी बसवली. त्यातले गणिताचे डोके अझिझुल हक यांचे आणि मोठा वाटा हेमचंद्र बोस यांचा, पण पद्धतीला नाव लागले हेन्रींचे. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. पुढे हेन्रींना जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाच्या पोलीस दलाची घडी बसवायला दक्षिण आफ्रिकेत धाडले गेले आणि तिथून ते लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले. म्हणजे साम्राज्याने हिंदी माणसांच्या हातांवर बसवलेली विद्या समुद्र ओलांडून पुन्हा हिंदी माणसांच्याच हातांवर आली.

गांधींनी हेन्रींचे पुस्तक मिळवून वाचले. दहाही बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतात, हे त्यांना त्यातून कळले. विरोधाचा हा मोठा मुद्दा झाला: आम्ही व्यापारी, फेरीवाले, इज्जतदार माणसे; आम्हाला चोराच्या रांगेत का उभे करता? सभेत हा मुद्दा टाळ्या घेई. पण त्यात एक खोट होती, आणि ती पुढे गांधींनाच नडली.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली. खालपासून गॅलरीपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती; आकडा तीन हजारांचा सांगतात. अध्यक्ष अब्दुल गनी. कायदा झालाच तर तो मानायचा नाही आणि त्यासाठी होईल ती शिक्षा भोगायची, असा ठराव होता. तो मांडताना हाजी हबीब भावनेच्या भरात म्हणाले की हा ठराव आपण ईश्वराला साक्षी ठेवून करू. गांधी दचकले. ठराव हात वर करून होतो आणि दुसऱ्या दिवशी विसरताही येतो; शपथेचे तसे नसते. त्यांनी उठून लोकांना सावध केले: ही शपथ प्रत्येकाने एकट्याने घ्यायची आहे, बाकी सगळे फुटले तरी पाळायची आहे, तुरुंग, उपासमार, मारहाण, मरण काहीही वाट्याला येईल. लोकांनी उभे राहून शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी ते नाट्यगृह आगीत जळाले. लोकांनी त्याला शुभशकून मानले. 'सत्याग्रह' हे नाव त्या दिवशी अजून जन्मायचे होते.

मधला भाग थोडक्यात सांगतो. वटहुकमातून स्त्रियांना वगळले गेले. गांधी आणि हाजी वजीर अली लंडनला गेले, ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांना भेटले आणि परतीच्या वाटेवर मदेइरा बेटावर तार मिळाली की साम्राज्य सरकारने वटहुकमाला संमती नाकारली. आनंद फार टिकला नाही. १९०७ च्या सुरुवातीला ट्रान्सवालला स्वराज्य मिळाले, म्हणजे तिथल्या गोऱ्यांना मिळाले. नव्या विधिमंडळाने तोच मसुदा मार्चमध्ये जवळपास जसाच्या तसा मंजूर केला. या वेळी लंडनने मान हलवली. १ जुलै १९०७ पासून कायदा लागू झाला.

प्रिटोरियात परवाना कचेरी उघडली आणि तिच्या वाटेवर हिंदी स्वयंसेवक उभे राहू लागले. येणाऱ्याला नम्रपणे कायदा समजावायचा. तरीही त्याला जायचेच असेल तर वाट सोडायची, अशी त्यांना ताकीद होती. तरी लोकलाजेचा दाब होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. काही बड्या व्यापाऱ्यांनी अधिकाऱ्यांना रात्री एका दुकानात बोलावून गुपचूप नोंदणी उरकली. ती बातमीही फुटलीच. चिनी लोकही लढ्यात होते. लिउंग क्विन त्यांचे पुढारी. एका चिनी माणसाने नीट न समजता नोंदणी केली आणि मग आपल्या माणसांत तोंड दाखवायला नको म्हणून जीव दिला. मुदती वाढवून वाढवून सरकार थकले, आणि वर्षअखेर हिशेब काय, तर नोंदणी झाली सुमारे पाचशे जणांची.

पहिली अटक जर्मिस्टनच्या रामसुंदर पंडितांना झाली. सुटून आले तेव्हा हारतुरे, मिरवणूक, मेजवान्या. पुन्हा अटकेची वेळ आली तेव्हा हे पहिले वीर गावच सोडून गेले. गांधींनी ही गोष्ट लपवली नाही, या लढ्यावरच्या पुस्तकात एक प्रकरणच तिच्यासाठी दिले. चळवळींच्या इतिहासात असा प्रामाणिकपणा विरळाच.

१० जानेवारी १९०८ रोजी गांधींना दोन महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंग भरू लागला तसे सरकार तडजोडीला आले. 'ट्रान्सवाल लीडर'चे संपादक अल्बर्ट कार्टराइट मध्यस्थ झाले. ३० जानेवारीला कैद्याला प्रिटोरियाला ट्रान्सवालचे मंत्री जनरल स्मट्स यांच्यापुढे नेले. ठरले ते असे: हिंदी लोकांनी कायद्याबाहेर, आपखुशीने नोंदणी करावी, बहुसंख्यांनी केली की सरकार तो कायदा रद्द करील. गांधींना तिथल्या तिथे सोडून दिले. खिशात दमडी नव्हती. जोहान्सबर्गच्या तिकिटाचे पैसे स्मट्स यांच्या चिटणिसाने दिले. रद्द करण्याचे वचन मात्र तोंडी होते. कागदावर जे लिहिले गेले त्यात ते स्वच्छ नव्हते.

त्या रात्री मशिदीच्या आवारात सभा झाली आणि एक पठाण उभा राहिला. त्याचा सवाल सरळ होता. दहा बोटांचे ठसे फक्त गुन्हेगार देतात, असे तुम्हीच आम्हाला सांगितलेत. लढा ठशांसाठी आहे, असेही सांगितलेत. आज ते ठसे द्या म्हणता, हे कसे? गांधींचे उत्तर असे: जे काल सक्तीने द्यायचे होते ते देणे अपमान होता, आज कायद्याचे ओझे डोक्यावर नसताना तेच आपण होऊन देणे ही सभ्यता आहे. तरी ज्याला ठसे द्यायचे नसतील त्याला न देण्याची मोकळीक आहे. पठाणाचे समाधान झाले नाही. तुम्ही पंधरा हजार पौंडांना कौम विकली असे ऐकतो, असे तो म्हणाला, आणि जो पहिला ठसे द्यायला जाईल त्याला ठार मारीन, अशी त्याने अल्लाची शपथ घेतली.

इथे माझी सहानुभूती विभागली जाते. गांधींचा भेद खरा होता. हात तोच, शाई तीच. पण नाही म्हणता येते की नाही यावर सगळे अवलंबून. मात्र दीड वर्ष लोकांना जे पढवले होते ते असे नव्हते. सभांमधून गाजला होता तो चोराच्या रांगेचा मुद्दा, कारण तो चटकन समजतो आणि झोंबतो. सक्तीचा मुद्दा समजावायला वेळ लागतो. पठाणाने सोपा मुद्दा मनापासून घेतला होता आणि त्याच्या बाजूने पाहिले तर तो सुसंगत वागत होता.

१० फेब्रुवारीच्या सकाळी गांधी नोंदणी कचेरीकडे निघाले. फॉन ब्रँडिस रस्त्यावर मीर आलम आडवा आला. सहा फूट उंच, गाद्या करून विकणारा, आणि गांधींचा जुना अशील. एरवी तो आधी सलाम करी. त्या दिवशी गांधींनाच आधी करावा लागला. कुठे निघालात, असे त्याने विचारले. दहा बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यायला, असे उत्तर मिळताच डोक्यात सोट्याचा घाव बसला. 'हे राम' म्हणत गांधी कोसळले. पडल्यावरही मारहाण चालूच होती. मध्ये पडलेले सोबती थंबी नायडू यांनाही लागले. जोसेफ डोक या पाद्र्यांनी जखमी गांधींना आपल्या घरी नेले. ओठ फाटलेला, फासळ्या दुखावलेल्या. तरी गांधींचा एकच हट्ट: नोंदणी अधिकारी चॅमनी यांना बोलवा, पहिला ठसा माझाच पडला पाहिजे. शिकलेल्यांना आणि मिळकतदारांना ठशाऐवजी सहीची सवलत होती, ती त्यांनी घेतली नाही. ठसे घेताना चॅमनींचे डोळे पाणावले होते. हल्लेखोरांवर खटला भरू नये म्हणून गांधींनी तार केली, पण गोऱ्या रहिवाशांनी रस्त्यावरच्या दंग्याचा मुद्दा काढला आणि मीर आलमला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मे महिन्यापर्यंत बहुतेकांनी आपखुशीने नोंदणी केली. सरकारला हवी ती यादी मिळाली. मग स्मट्स यांनी कायदा रद्द करण्याचे नाव काढले नाही. उलट, आपखुशीने घेतलेले दाखले कायदेशीर ठरवणारे नवे विधेयक आणले आणि मूळ कायदा जागच्या जागी ठेवला. असे वचन दिलेच नव्हते, असे त्यांचे म्हणणे. इतिहासकारांनी त्या भेटीचा बराच कीस काढला आहे. मला एवढे दिसते की मिल्नर यांच्या शब्दाचे काय झाले हे दोन वर्षांपूर्वीच दिसले असताना गांधींनी पुन्हा तोंडी वचनावर यादी भरून दिली. विश्वास टाकणे हा सत्याग्रह्याचा धर्म आहे, असे त्यांनी नंतर लिहिले. धर्म म्हणून ते थोर आहे, वकिली म्हणून कच्चे.

१६ ऑगस्ट १९०८, दुपारचे चार. जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात एक मोठी तिपाई लोखंडी कढई ठेवलेली. सरकारला आधीच कळवले होते की विधेयक मागे घेतले नाही तर दाखले जाळू. सभा सुरू होत असतानाच एक स्वयंसेवक सायकलवरून तार घेऊन आला: सरकारला निर्णय बदलता येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तार अनुकूल आली असती तर बहुधा हिरमोड झाला असता. मीर आलमही आला होता. भर सभेत त्याने आपली चूक झाल्याचे सांगितले, आपला जुना दाखला जाळायला दिला आणि गांधींनी त्याचा हात हातात घेतला. दोन हजारांहून जास्त दाखले जमल्याचे गांधींनी लिहिले आहे. सभेचे अध्यक्ष युसुफ मियाँ यांनी घासलेट ओतून काडी लावली. लंडनच्या 'डेली मेल'च्या बातमीदाराने या होळीची तुलना अमेरिकेतल्या बोस्टनच्या चहा बुडवण्याशी केली.

दाखले जळाले, नोंदवही शाबूत राहिली. दाखला नाही म्हणून शेकडो लोक आत गेले. ऑक्टोबरमध्ये गांधीही दोन महिने सक्तमजुरीवर. स्वामी नागप्पन हा तरुण तुरुंगातल्या थंडी-मेहनतीने खंगून बाहेर आला आणि १९०९ च्या जुलैमध्ये न्यूमोनियाने गेला.

१९१२ च्या ऑक्टोबरमध्ये गोपाळ कृष्ण गोखले केपटाऊनला उतरले. या दौऱ्यातली एक गोष्ट मराठी वाचकाने ठाऊक करून घ्यावी अशी आहे. जोहान्सबर्गच्या सभेत कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू होते. गोखल्यांनी मराठीत बोलावे, मी त्याचे हिंदुस्थानी करतो, असे गांधींनी सुचवले. गोखले मोठ्याने हसले. तुमचे हिंदुस्थानी मी पाहिले आहे, आता मराठी कुठे शिकलात, असे त्यांनी विचारले. अखेर ते तयार झाले आणि तिथून झांझिबारपर्यंत हिंदी लोकांच्या सभांत मराठीत बोलत गेले. पंतप्रधान बोथा आणि स्मट्स यांना भेटून आल्यावर गोखल्यांनी सांगितले की वर्षभरात नोंदणीचा हा काळा कायदा जाईल आणि गिरमिटमुक्तांवरचा तीन पौंडांचा कर उठेल. गांधींना खात्री वाटेना. मंत्र्यांचा अनुभव त्यांना जास्त होता. करापुरती त्यांचीच शंका खरी ठरली. तो उठवायला खाणकामगारांचा संप आणि आणखी एक लढा लागला. १९०७ चा कायदा १९१३ मध्ये पुसला गेला आणि १९१४ च्या 'इंडियन रिलीफ ॲक्ट'ने उरलेल्या मागण्या मान्य केल्या. त्याच तडजोडीत एक कलम असे होते की नाताळ प्रांतातल्या हिंदी माणसाच्या अधिवासाच्या दाखल्यावर अंगठ्याचा ठसा असेल आणि ओळख पटली, तर तो दाखला निर्णायक पुरावा मानावा. दहा बोटांविरुद्धच्या आठ वर्षांच्या लढ्याच्या शेवटच्या कागदावर अंगठा राहिलाच, आणि तो या वेळी हिंदी लोकांच्या सोयीचा म्हणून राहिला.

या कथेत काळा आफ्रिकी माणूस जवळपास कुठेच नाही. पास जवळ बाळगण्याची सक्ती त्याच्यावर हिंदी लोकांच्या कितीतरी आधीपासून होती. गांधींच्या त्या काळातल्या लिखाणात तिच्याविरुद्ध लढा तर नाहीच, उलट काळ्या कैद्यांसोबत कोंडल्याबद्दलची तक्रार आहे. आम्हाला त्यांच्यासारखे वागवू नका, हा मुद्दा त्यांच्या चळवळीने बराच काळ वापरला. १९५० नंतर वर्णद्वेषी सरकारने प्रत्येकाची वंशवार नोंद केली आणि काळ्या माणसाच्या पासबुकात बोटांचे ठसे आले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पासविरोधी जमावावर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली. त्याच आठवड्यात काळ्यांचे नेते अल्बर्ट लुथुली यांनी आपला पास जाळला, मग नेल्सन मंडेलांनीही. पासचे कायदे १९८६ पर्यंत टिकले.

गुन्हेगाराच्या रांगेच्या मुद्द्याची खोट भारतातही दिसली. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या जमातीच्या कुणाचेही ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. पारध्यांसारख्या आपल्याकडच्या जमातींनी तो १९५२ पर्यंत सोसला. गुन्हा केला म्हणून त्यांची नोंद होत नव्हती. त्या जमातीत जन्मले म्हणून होत होती. आम्ही गुन्हेगार नाही, हे वाक्य त्यांना वापरताच येत नव्हते, कारण सरकारने ते आधीच कायद्याने खोटे ठरवले होते.

गांधींनी ट्रान्सवालचा हा इतिहास १९२३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात सांगून लिहवून घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर ८७ वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा. कायदा तेव्हा नव्हताच, तो २०१६ मध्ये आला. गाजावाजा असा होता की नोंदणी ऐच्छिक आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या आधारविरुद्धच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वर्षभराने, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायाधीशांपुढे आधारचा निकाल लागला. बँक खाते आणि मोबाइलसाठीची सक्ती रद्द झाली. सरकारी अनुदाने, लाभ आणि पॅन कार्डासाठीची कायम राहिली. चौघांनी कायदा उचलून धरला. पाचवे, धनंजय चंद्रचूड, यांनी तो धनविधेयक म्हणून मंजूर करणेच घटनेशी केलेली लबाडी ठरवून अख्खा कायदा घटनाबाह्य म्हटला.